पिवळा बाजा, केरबाचे हात

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती गेली, तोवर तिला याचा पत्ता नव्हता. पोरांना सांगायचा तर प्रश्नच नाही — बाप एकेकाळी बँडमध्ये होता एवढं त्यांना माहीत आहे, आणि तेवढंही ती चारचौघांत बोलत नाहीत. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं की मी आधी स्वतःला वाचवायला बघतो. ती माझी जुनी खोड आहे, पुढं तुम्हाला दिसेलच.

गोष्ट एका सॅक्सोफोनची आहे. खरं म्हणजे सॅक्सोफोनची पण नाही — त्याच्या रंगाची. हसू आलं ना? येऊ द्या. मलाही बरीच वर्षं वाटायचं की एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं. रंग तर निवडला होता मी, कुणाचा गळा तर कापला नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन सुग्या पदरात पडल्या होत्या. लोकांनी पुन्हा वाजतगाजत लग्नं करायला सुरुवात केली होती. पूर्णेत आमचा चौदा माणसांचा बँड होता. मालक गफूरचाचा, पांढऱ्या दाढीचा, जिभेनं तिखट आणि मनानं लोणी असा माणूस. मी दिवसा कापडाच्या दुकानात थानं उलगडायचो आणि लग्नसराईत क्लॅरिनेट फुंकायचो. माझ्या वडलांना ते बिलकूल पसंत नव्हतं. कुणब्याच्या पोरानं वाजंत्र्याचं काम करावं? सहा महिने बोलले नाहीत माझ्याशी. मी आपला ऐटीत होतो. जातपात मानत नाही म्हणून सांगत फिरायचो. बँडमध्ये सगळ्यांसोबत एका परातीत जेवतो, असं मोठ्या तोंडानं सांगायचो. लय मोठा समजायचो मी मला.

माझ्या शेजारी उभा राहून क्लॅरिनेट वाजवायचा तो केरबा. रेल्वेत गँगमन होता. दिवसभर रुळावर घण आणि पहार चालवून हाताचे तळवे असे झाले होते की बाभळीचा काटासुद्धा रुतायचा नाही. पण तेच हात बाजावर आले की मऊ व्हायचे. कसे व्हायचे कोण जाणे! त्याच्या वडलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर खुंटीवरची हलगी काढून नदीत सोडली. गावकीचं वाजवणं बास, म्हणाले. मग पोरानं बँडमध्ये जायचं म्हटल्यावर म्हातारा पेटलाच. केरबानं त्याला काय सांगितलं ते त्यानंच मला एकदा ऐकवलं होतं. ‘दादा, हे कुणी हाक मारली की पळत जायचं वाजवणं न्हाई. आमी ठरवून जातो, वर्दी घालून जातो, अन् मान वर करून परत येतो.’ मग म्हाताऱ्यानं अडवलं नाही म्हणे.

ही मान वर करून परत येण्याची गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्यासाठीच तो वाजवत होता.

तो वाजवायला लागला की मी माझं वाजवणं विसरून त्याच्या बोटांकडं बघत राहायचो. ते कौतुक होतं का हेवा होता, त्या वयात मला वेगळं करता येत नव्हतं. आता येतं.

नांदेडच्या बँडवाल्यांनी सॅक्सोफोन आणला, तेव्हा गफूरचाचांनीही ठरवलं की आपलाही पाहिजे. वाजवणार केरबा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. माझंही नव्हतं — निदान तोंडावर तरी. खरेदीला सिकंदराबादला दोघांना धाडलं, त्याला आणि मला. निघताना चाचा म्हणाले, ‘आवाज केरबा देखेगा. रंग तू देख, दिगंबर. कपडे की दुकान में बैठता, तेरे कू चमक समझती.’ मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चौदा माणसांत मला एक मान मिळाला होता. रंगाचा का होईना.

दुकानात दोन सॅक्सोफोन होते. एकाच घडणीचे, फरक फक्त वरच्या चकाकीचा. एकावर निकेल चढवलेलं, तो पांढरा. दुसरा पितळेचाच, पण वरून लाकर म्हणजे चकाकीचं पातळ रोगण दिलेला, सोन्यासारखा पिवळाधमक. केरबानं डोळे मिटून दोन्ही फुंकून पाहिले. मग पांढऱ्यावर हात ठेवून म्हणाला, ‘आवाज दोन्हीचा एकच हाय. पण ह्यो घेऊ, दिगू. माझ्या हाताला घाम लय येतो. पिवळं माझ्या हाती टिकायचं न्हाई.’

हे त्याचं वाक्य. त्याच्या तोंडचं. मी ते तेव्हा ऐकलं आणि कुठंतरी ठेवून दिलं.

मी म्हणालो, लग्नात पांढरा बाजा? कल्हई केलेल्या पातेल्यासारखा दिसतोय. मयतीचा वाटेल. दुकानदार हसला, केरबाही हसला. ‘बरं बाबा, रंग तुझा,’ म्हणाला आणि बाजूला झाला. एवढ्यावर सोडून दिलं त्यानं. मी भांडायच्या तयारीत होतो, आणि त्यानं भांडायला जागाच ठेवली नाही. अशा माणसाचा राग येतो, माहीत आहे का तुम्हाला?

केरबा पेटीला दोरी बांधत होता, तेव्हा दुकानदारानं मला एकट्याला बाजूला घेऊन बजावलं — ह्याला फक्त कोरडं मऊ फडकं. चिंच-राख लावू नका, हे घरातलं भांडं नाही. वरचा लाकर ओरखडला की खालचं पितळ काळं पडेल. दखनीत बोलला. आमच्याकडं दखनी न कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. शब्द न् शब्द कळला होता.

मग ती एक लग्नसराई आली. काय सांगू तुम्हाला! वरातीपुढं केरबा तो पिवळा बाजा गळ्यात घालून उभा राहिला की बाया माळवदावर यायच्या. ‘सोन्याचा बाजा’ असं नावच पडलं. लोक आमच्या बँडला नव्हे, सोन्याच्या बाजाला सुपारी द्यायचे. आणि कुणी विचारलं की हा रंग कुणी निवडला, तर चाचा माझ्याकडं बोट दाखवायचे. मी मुंडी खाली घालून लाजल्यासारखं करायचो. वाजवत होता केरबा आणि फुगत होतो मी.

दसरा आला. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर-विळे पुजतो, सुतार करवत पुजतो, तशी आम्ही बँडवाले वाद्यं पुजायचो. ट्रंपेट, झांजा, सगळं पितळ चिंचेनं आणि विटकरीच्या भुग्यानं घासून लखलखीत करायचं आणि चौरंगावर मांडायचं. गफूरचाचा म्हणायचे, पूजा तुमची, नारळ माझा — आणि खरंच नारळ घेऊन यायचे. केरबा पूजेला नसायचा. दसऱ्याला तो दरवर्षी नागपूरला जायचा, दीक्षाभूमीवर. जाताना सॅक्सोफोनची पेटी माझ्या खोलीवर ठेवून गेला. ‘कोरड्या फडक्यानं पूस, बाकी काई करू नको,’ एवढंच म्हणाला. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच कळलं होतं. तो वस्तूला हात लावूनच तिचं मन ओळखायचा.

मी पेटी उघडली. बाजा मळला होता. जिथं जिथं त्याची बोटं पडायची — खटक्यांच्या कडेला, अंगठ्याच्या जागी, कर्णा धरायचा तिथं — मळाचा थर बसून पिवळेपण मंद झालं होतं. फडक्यानं पुसलं असतं तर गेलं असतं. मी एकदा फडकं फिरवलं पण. जात होतं. मग थांबलो का? शेजारी घासलेल्या ट्रंपेटा ऊन पडल्यासारख्या चमकत होत्या. आणि माझा बाजा, माझा रंग, त्यांच्यापुढं फिका दिसत होता. उद्या सगळे येणार, चौरंग बघणार... मी चिंचेचा कोळ घेतला. विटकरीचा भुगा घेतला. काथ्या घेतला. आणि नेमका त्याच्या बोटांच्या जागी घासत बसलो.

दुकानदाराचे शब्द आठवले का? आठवले. घासतानाच आठवले. एवढ्यानं काय होतंय, म्हटलं.

पूजेला बाजा असा काही झळकला की चाचांनी माझी पाठ थोपटली. चार दिवसांत मात्र घासलेल्या जागा तांबूस झाल्या, मग तपकिरी, मग काळपट. वांग उठावेत तसे डाग. आणि ते कुठं? बरोबर जिथं केरबाची बोटं पडतात तिथंच.

तो नागपूरहून आला, ताजा, गळ्यात निळा रुमाल. माझ्यासाठी संत्री आणली होती. पेटी उघडली आणि डागांवरून अंगठा फिरवला. ‘हे काय झालं रं?’ म्हणाला. त्यात संशय नव्हता, नुसतं विचारणं होतं. मी त्या क्षणी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? त्यानं चार शिव्या दिल्या असत्या. चाचा आठ दिवस बोलले नसते. बस, एवढंच झालं असतं. पण मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो — तूच म्हणाला होतास ना, तुझ्या हाताला घाम लय येतो? बघ, बरोबर बोटांच्याच जागी आहे.

त्यानं बाजाकडं बघितलं. मग स्वतःच्या तळव्यांकडं बघितलं. आणि म्हणाला, ‘खरंय. म्या सांगितलंच होतं.’

मला वाटलं होतं तो भांडेल. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याची संत्री मी सोलून खाल्ली त्या दिवशी, त्याच्यासमोर.

इथवरचं कदाचित तुम्ही माफ कराल. घाबरला, खोटं बोलला, होतं माणसाकडून. थांबा. अजून बोरी राहिली आहे.

तुळशीचं लग्न झाल्यावर बोरीला एका मोठ्या घरच्या लग्नाची सुपारी होती. ऐंशी एकर बागायत, मांडवाला झालरी, पंगतीला आसपासची पाच गावं. यजमान मिशाळ, पांढरा फेटा, माझ्या वडलांच्या वयाचे आणि आमच्याच भावकीतले वाटावेत असे. त्यांनी केरबाच्या गळ्यातला बाजा बघितला आणि चाचांना विचारलं, सोन्याचा बाजा म्हणून सांगितलं होतं, हा असा डागी का? चाचा काही बोलायच्या आत मी पुढं झालो. कुणी विचारलं होतं मला? कुणीच नाही. पण रंग माझा होता ना! मी म्हणालो, रंगात खोट न्हाई, दादासाहेब. वाजवणाऱ्याच्या हाताला पितळ टिकत न्हाई.

त्यांनी केरबाकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, ‘कोणाचा हाय पोरगा?’

मला कळत होतं ते काय विचारतायत. तुम्हालाही कळलं असेल. आमच्याकडं या प्रश्नाला एकच अर्थ असतो. गँगमन आहे म्हणून सांगता आलं असतं. आमच्यात सगळ्यात चांगला वाजवतो म्हणून सांगता आलं असतं. मी त्याची जात सांगितली. जुनी, त्यानं आणि त्याच्या बापानं टाकून दिलेली, ते नाव घेऊन सांगितली.

‘मग बरोबर हाय,’ ते म्हणाले.

मांडवात हशा पिकला. आणि मी — मीही हसलो. मोठ्यानं नाही. पण हसलो. केरबा चार हातांवर उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. घामाचा विटाळ कधी झाला हे कुणी मला विचारलं, तर मी दिवस, गाव आणि मांडवाची बाजू सांगू शकतो. कारण तो मी केला. लोकांच्या मनात होतंच ते, पण त्यांच्या हातात नेऊन दिलं मी. एका परातीत जेवणारा मी!

केरबानं त्या दिवशी वाजवलं. चांगलं वाजवलं. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसला होता. परभणी येईस्तोवर तसाच.

त्यानंतर तो बोटांना चिंध्या गुंडाळून वाजवायला लागला. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. त्या निसटायच्या, खटका अर्धवट दाबला जायचा, सूर फाटायचा. लोक तेच बघायला यायला लागले. कुणी ‘काळ्या हाताचा’ म्हणून हाक मारायचं. तालमीआधी हौदावर जाऊन तो हात धुवायचा, माती लावून, पुन्हा पुन्हा. एकदा मला म्हणाला, ‘दिगू, तू माझा दोस्त हायस. खरं सांग, माझ्या हातात काय खोट हाय का?’

खरं सांग म्हणाला. याहून सरळ दार माणसाला कोण उघडून देतं? मी म्हणालो, असतं एखाद्याचं तसं, तू मनाला लावून घेऊ नको.

होळीच्या सुमारास त्यानं पेटी माझ्या खोलीवर आणून ठेवली. तूच वाजव, म्हणाला, तुझा हात साफ हाय. मी नको नको म्हणालो — दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदा नाही. पुढं त्यानं बदली मागून घेतली आणि चुडाव्याला गेला. पूर्णेपासून दोन हाकांवर, पण परत कधी तालमीला आला नाही.

आता शेवटचं. हे बोरीपेक्षाही वाईट आहे. म्हणून इतका वेळ टाळत होतो.

वर्षभरानं तो डागी बाजा चाचांनाच बघवेना. त्यांनी तो हैदराबादला पाठवून त्यावर निकेल चढवून आणलं. पांढरा झाला. सुरेख दिसायला लागला. मयतीचा कुणालाही वाटला नाही. पेटी उघडून चाचांनी पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? ‘अब केरबा कू बुला ला. निकेल कू पसीना कुछ नहीं करता. जा, बोल उसकू, बाजा उसका है.’ आणि मलाच धाडलं. त्याचा दोस्त म्हणून.

मी पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलो. रेल्वेच्या चाळीत त्याची खोली होती. मला बघून इतका खूश झाला की उठून उभाच राहिला. बायकोला म्हणाला, ‘शांते, च्या टाक, दिगू आलाय.’ अंगणात चिंचेचा चोथा वाळत पडला होता, आणि नुकतीच घासलेली पितळेची भांडी उन्हात पालथी घातली होती. शांताबाईनं तांब्या भरून आत आणला. केरबा शेजारीच बसला होता, पण त्यानं तो घेऊन मला दिला नाही. चार वर्षांच्या लेकीला हाक मारून तिच्या हातानं द्यायला लावला. शांताबाई हसून म्हणाली, ‘पितळेला हात लावत न्हाईत बगा भाऊजी हे. भांडी काळी पडतेत म्हनं. लय झालं, तसंच करायलेत.’ तोही हसला. सवयीची गोष्ट असावी तसा.

मी पाणी प्यालो. तांब्या कसा चमकत होता म्हणून सांगू.

मग त्यानं विचारलं. खाली बघत, उगीच सतरंजीचा धागा ओढत. ‘बाजा अजून पिवळाच हाय का?’

माझ्या तोंडात निरोप तयार होता. पांढरा केलाय, तुझा आहे, चल — एवढंच. पण तो परत आला असता तर पांढऱ्या बाजावर त्याची उघडी बोटं सगळ्यांनी पाहिली असती. डाग पडला नसता ते पाहिलं असतं. कधीतरी कुणीतरी विचारलं असतं, मग आधी का पडला होता? आणि खोटं कशाला बोलू — वाजवायला मला आवडायला लागलं होतं. लोक आता माझ्याकडं बघायचे.

‘पिवळाच हाय,’ मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. ‘बरं झालं तुझ्याकडं गेला,’ म्हणाला. ‘माझ्या हाती नासला असता.’ आणि चहाचा पेला माझ्याकडं सरकवला. स्टीलचा होता.

मी चहा प्यालो. त्याच्या लेकीच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो आणि चाचांना सांगितलं, केरबा नाही म्हणाला. त्यापुढं अकरा वर्षं तो पांढरा सॅक्सोफोन मीच वाजवला.